सोळाशेच्या पुढचं: पाठीवर ओझं घेऊन चालायची मेहनत कशी करायची

गेल्या थंडीत एका पहाटे रंकाळ्यावर पोरं बुटाच्या नाड्या आवळत बसली होती. त्यातल्या एकानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "उस्ताद, ही गन म्युझियममधनं उचलून आणलीया व्हय?"

बघितलं तर मॅक्सिम. रशियन बनावटीची, १९१० चं मॉडेल. दोन लोखंडी चाकं, पुढं ढाल, नळीभोवती पाण्याचं जाड नळकांडं. मागं युक्रेनचा जवान, आणि शंभर वर्षांच्या त्या म्हातारीच्या डोक्यावर नेम धरायची आजची नवीकोरी साइट बसवलेली. रात्री येणारी ड्रोन पाडायला लावली होती. पोरं खिदळत होती.

"म्युझियममधनं नव्हं, कोतातनं," मी म्हणालो. कोत म्हणजे पलटणीची हत्यारं ठेवायची खोली. कोतात गेलेलं हत्यार तेल लावून ठेवलं की पन्नास वर्षं झोपतं आणि उठवलं की उठतं.

"वजन किती असंल हो तिचं?" मागून एक बारकं पोरगं बोललं.

इतक्या पोरांत कामाचा प्रश्न तेवढा एकच. नुसती गन वीस किलोच्या वर, चाकं-ढाल धरून साठाच्या पुढं. ते उचलून खंदकापर्यंत कोण नेणार? एवढं वजन ड्रोन सहसा नेत नाही. गाडी तर आता पुढं जाऊच शकत नाही. नेणार तो पायदळाचा गडीच.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत चोवीस वर्षं काढली आणि हवालदार म्हणून घरी आलो. आता रोज पहाटे फौजेच्या भरतीला उतरणाऱ्या पोरांकडून मेहनत करून घेतो. पोरांना भरतीचं सोळाशे मीटर पळवायला सगळं कोल्हापूर तयार आहे, गल्लीगल्लीत अकॅडमी आहे. पण पाठीवर ओझं घेऊन चालायचं कसं, हे फारसं कुणी शिकवत नाही. ते मी इथं लिहितोय.

जुनी हत्यारं परत का येतात

हे थोडक्यात सांगतो, कारण खालची मेहनत कशासाठी ते त्याशिवाय कळायचं नाही.

२०१२ साली सीरियात बंडखोरांच्या हाती एका गोदामात जर्मन एसटीजी-४४ रायफली लागल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या, हिटलरच्या फौजेच्या. २०२२ मध्ये रशियाच्या बाजूनं डोनेत्स्ककडची जी पोरं जबरदस्तीनं आघाडीवर धाडली, त्यांच्यातल्या काहींच्या हातात मोसिन रायफल होती. तिचं मूळ डिझाइन १८९१ चं. २०२३ मध्ये तर रशियानं टी-५४ आणि टी-५५ रणगाडे गोदामातनं काढून रेल्वेवर चढवले. आणि लांब कशाला जायचं? मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी आपल्याकडं पाकिस्तानी ड्रोन पाडण्यात एल-७० तोफा होत्या. बोफोर्सच्या चाळीस मिलिमीटरच्या त्या तोफेचं घराणं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं. रडार आणि कॅमेरे नवे, तोफ जुनीच.

कारण सोपं आहे. काही हजार रुपयांच्या ड्रोनवर कोटीचं क्षेपणास्त्र सोडायला कुणालाच परवडत नाही. मॅक्सिमची नळी पाण्यात बुडालेली असते, त्यामुळं ती तापून बंद पडत नाही, लांब फैरी झाडू शकते. एका जागी बसून आभाळाकडं मारा करायचा तर तिचं वजन आड येत नाही. वर तिची गोळी आजही कारखान्यात बनते, मोसिनला चालणारी तीच. ज्याची गोळी मिळते ते हत्यार जिवंत, असा फौजेतला साधा हिशोब.

पण ड्रोननं आणखी एक जुनी गोष्ट परत आणली, तिचा व्हिडिओ कुणी फॉरवर्ड करत नाही. ती म्हणजे पायपीट. युक्रेनमध्ये आघाडीच्या अलीकडं कित्येक किलोमीटर गाडी दिसली की ड्रोन तिच्यावर पडतं. म्हणून जवान गाडीतनं मागंच उतरतात आणि पुढचं सगळं अंतर रात्री चालतात. पाणी, गोळ्या, बॅटऱ्या, ड्रोन जाम करायचा डबा, सगळं पाठीवर. रशियानं सामान न्यायला गाढवं वापरली, ती काही हौसेनं नव्हे. जखमीला आणायचं ते स्ट्रेचरवर, चार खांद्यांवर.

माझे आजोबा १९४४ साली इटलीत होते, तीन इंची मॉर्टरवर. मॉर्टरचे तीन भाग: नळी, दोन पायांचा घोडा आणि खालची लोखंडी प्लेट. आजोबांच्या वाट्याला प्लेट. त्यांच्या उजव्या खांद्यावर तळहाताएवढा काळा घट्टा होता, मरेपर्यंत गेला नाही. मी लहानपणी त्यावर बोट फिरवायचो, तर चपलेच्या तळव्यासारखा लागायचा. ते म्हणायचे, "गोळीचं भ्या न्हवतं वाटत, प्लेटीचं वाटायचं." मी भरती झालो तेव्हा आमच्या पलटणीत एक्याऐंशी मिलिमीटरचा मॉर्टर होता. भाग तेच तीन. प्लेटही तशीच.

आधी भरतीचं पार पडू दे

सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आले की साठ गुण. बीमवर दहा पुल-अप्स काढले की चाळीस. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स फक्त पास व्हायचं. गटांच्या वेळा अधूनमधून बदलतात, म्हणून त्या वर्षीची अधिसूचना स्वतः वाचा, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो नव्हे. साडेपाच मिनिटं म्हणजे चारशे मीटरचा एक राउंड साडेब्याऐंशी सेकंदांत. पहिला राउंड सत्तरमध्ये मारून तिसऱ्याला बैलासारखं धापा टाकणारी पोरं मी दर रॅलीला बघतो. घड्याळ लावून ब्याऐंशीची चाल पायात बसवा, बाकी सोळाशेवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

पलटणीत गेल्यावर मात्र माझ्या वेळी बीपीईटी असायची, म्हणजे लढाईच्या तयारीची शारीरिक परीक्षा. अंगावर पिट्टू म्हणजे पाठीवरची फौजी सॅक, हातात रायफल आणि पाच किलोमीटर. मग साठ मीटरची स्प्रिंट, उभा दोर, आडवा दोर, नऊ फुटी खड्डा. सोळाशेला पहिला आलेला पोरगा इथं रडताना बघितलाय. पंचावन्न किलोचा हरणासारखा गडी, नुसता पळायचा. पाठीवर ओझं चढलं आणि तिसऱ्या किलोमीटरला कमरेतनं मोडल्यासारखा वाकला. दोष त्याचा नव्हता. त्याच्या पाठीला ओझं म्हणजे काय ते कुणी कधी दाखवलंच नव्हतं.

कुणी करायची, कुणी नाही

अठराच्या खाली असाल तर ओझं घ्यायचं नाही. हाडं अजून पिकतायत. त्यांनी जोर, बैठका आणि दोर चढणं एवढंच करावं, तेही थोडं नाही.

अठरा पूर्ण झालेल्यांनी आधी स्वतःला तपासावं: न थांबता पाच किलोमीटर सावकाश पळता येतं का, एका दमात पंचवीस जोर आणि पन्नास बैठका निघतात का. नसतील निघत तर चार आठवडे हेच करा आणि मग पुढचं वाचा. गुडघ्याचं, पाठीचं किंवा हर्नियाचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टर.

पिट्टू भरायचा कसा

बाजारातला महागडा पिट्टू घेऊ नका. कॉलेजची जुनी सॅक चालते, पट्टे मात्र रुंद हवेत, चार बोटं तरी. नदीची वाळू उन्हात दोन दिवस वाळवा. दोन-दोन किलोच्या पुड्या भरा, दुहेरी प्लॅस्टिकमध्ये, वरून चिकटपट्टी. किलोची एक पुडी वेगळी ठेवा, वजन थोडं-थोडं वाढवायला ती लागते.

आता भरायची पद्धत. शंभरातली नव्वद पोरं पुड्या तळाला टाकतात. मग ओझं कमरेच्या खाली लोंबतं, प्रत्येक पावलाला माकडहाडावर आपटतं, आणि तोल राखायला माणूस पुढं वाकतो. उलट करायचं. तळाला जुनी चादर किंवा टॉवेल घडी करून कोंबा, अगदी गच्च. पुड्या वरच्या अर्ध्यात, पाठीला चिकटून, दोन्ही खवाट्यांच्या मध्ये. बाहेरच्या बाजूला परत टॉवेल, म्हणजे त्या मागं सरकत नाहीत. सॅक अंगावर चढवून जागेवर दहा उड्या मारा. आतून धप्प आवाज आला तर काढा आणि परत भरा.

पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकाच ढिला ठेवा. छातीवर दोन्ही पट्टे जोडायला सायकलची जुनी ट्यूब वीतभर कापून बांधा. रबर असल्यामुळं श्वास घेताना ती ताणते, दोरी ताणत नाही. ही युक्ती मला पलटणीत एका सांगलीच्या गड्यानं दाखवली होती. सांगलीकडून शिकलेली चांगली गोष्ट मी मोकळेपणानं मान्य करतो.

पायाचं म्हणाल तर नवीन बूट पहिल्या महिन्यात ओझ्यासोबत घालायचे नाहीत. नखं सरळ कापा, कोपरे गोल कापू नका. मोजे घट्ट आणि कोरडे, एक जोडी सॅकमध्ये जादा. टाचेला चटका बसायला लागला की त्या क्षणी थांबून पट्टी लावायची. "फोड आल्यावर बघू" म्हणणारा गडी पुढं आठवडाभर घरी बसतो.

दहा आठवडे

आठवड्यातनं फक्त दोन दिवस, मध्ये किमान दोन दिवसांची सुट्टी. आणि चालायचं. पळायचं नाही. ओझं घेऊन पळणं फौजेत गेल्यावर उस्ताद करून घेतील, ते त्यांच्यावर सोडा.

साठ किलोचा गडी धरून सांगतो. पहिले दोन आठवडे सहा किलो, रंकाळ्याची एक फेरी. ती चारेक किलोमीटर भरते. चाल अशी की दहा-अकरा मिनिटांत एक किलोमीटर व्हावा आणि शेजारच्याशी बोलता यावं. तिसरा-चौथा आठवडा आठ किलो, दीड फेरी. पाचव्या आठवड्यात पिट्टू खुंटीला. नुसतं हलकं पळायचं, झोपायचं, खायचं. हा आठवडा सगळी पोरं चुकवायला बघतात, अंगात रग असते. पण हाड मेहनतीच्या दिवशी वाढत नाही, सुट्टीच्या दिवशी वाढतं. तालमीतला कुठलाही वस्ताद हेच सांगेल.

सहाव्या-सातव्याला दहा किलो आणि चढ. शहरातली पोरं टेंबलाईची टेकडी घेतात, बरी आहे. आठव्या-नवव्याला बारा ते चौदा किलो आणि जोतिबा. गायमुखाच्या वाटेनं चढा, यात्रेचे आणि रविवारचे दिवस सोडून. चढताना अख्खं पाऊल टेकवा, चवड्यावर चढलं की पोटऱ्या पेटतात. उतरताना खरी परीक्षा. पोरांना वाटतं उतार म्हणजे आराम, पण गुडघ्याची सगळी झीज उतारावरच होते. गुडघा किंचित वाकवून, पावलं निम्मी करून, आवाज न करता उतरायचं. तुमच्या पावलांचा धपधप आवाज मला खालून ऐकू आला तर तुम्ही चुकताय. पहिल्या दोन वेळेला उतरताना दोन पुड्या वाळू काढूनच टाका आणि मोकळी प्लॅस्टिकं खाली घेऊन या, डोंगरावर टाकू नका.

दहाव्या आठवड्यात परीक्षा: पंधरा किलो, आठ किलोमीटर, दीड तास. तुमच्या वजनाच्या पाव हिस्स्याच्या वर जायचं नाही, मग कुणी कितीही चिडवू दे. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. घराचा जिना उतरताना तोंड वाकडं झालं नाही, तर पास.

एक नियम लक्षात ठेवा. अंतर, वजन आणि चढ या तिन्हींतली एका दिवशी एकच गोष्ट वाढवायची: नव्या टप्प्याच्या पहिल्या दिवशी वजन, अंतर किंवा चढ त्याच्या पुढच्या दिवशी.

ऊसतोड बघायला जा

हे ऐकून पोरं हसतात, पण मी दरवर्षी त्यांना घेऊन जातो. हंगाम सुरू झाला की शिरोळ किंवा कागलच्या रानात कुठंही उभं राहा. ट्रॉलीला फळी लावलेली असते आणि बीडकडनं आलेली एखादी बाई डोक्यावर उसाची मोळी घेऊन त्या फळीवरनं वर चढते. तिचे पाय बघा. पावलं बारीक, सारख्या अंतराची, जणू मोजून टाकलेली. मान सरळ, हनुवटी किंचित आत. नजर पायाशी नाही, दोन हात पुढं. आणि फळीच्या मधोमध ती कधीही थांबत नाही. श्वास सोडायचा तो पाऊल टाकताना, थांबायचं ते खाली, मोळी उचलायच्या आधी.

आमच्या वेपन ट्रेनिंगच्या उस्तादांनी मला सहा महिन्यांत जे शिकवलं ते ती बाई दिवसातनं कितीदा तरी करून दाखवते. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकानं हौसेनं मोळी मागितली. डोक्यावर घेतली, दोन पावलं टाकली आणि बसला. बाई पदर तोंडाला लावून हसली. पोरगं दुसऱ्या दिवसापासनं हनुवटी आत घेऊन चालायला लागलं.

हाताची पकड आणि स्ट्रेचर

एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, उचलून बघितल्याशिवाय दहा किलो म्हणजे काय ते कळत नाही. ती मूळची ब्रेन गन, १९३८ पासनं ब्रिटिश फौजेत. आपण ती ७.६२ च्या गोळीची करून घेतली आणि माझ्या पिढीनंही वापरली. आरएल, म्हणजे खांद्यावरचा रॉकेट लाँचर, तर चौऱ्याऐंशी मिलिमीटरची स्वीडिश कार्ल गुस्ताफ, १९४८ ची पैदास. जुनी मार्क २ चौदा किलोच्या वर होती, आजच्या मार्क ४ चं वजन त्याच्या निम्म्याखाली आलंय. तीही सध्या युक्रेनच्या रणात आहे. मी आरएलवर दोन नंबर होतो. एक नंबर मारतो, दोन नंबर गोळे वाहतो आणि भरतो. माझ्या बोटांची पकड त्या गोळ्यांनी घडवली.

तुमच्याकडं गोळे नाहीत, पण दुधाच्या किटल्या आहेत. दहा-दहा लिटरच्या दोन किटल्या पाण्यानं भरा, एकेका हातात धरा, खांदे मागं घ्या आणि पन्नास पावलं चाला. ठेवा. श्वास घ्या. परत. असं सहा वेळा. पाणी हिंदकळलं तर चाल वाईट. आठवड्यातनं दोनदा, पिट्टूच्या दिवशी नाही.

स्ट्रेचरसाठी दोन बांबू आणि खताची दोन रिकामी पोती. पोत्यांच्या तळाचे कोपरे कापून बांबू आरपार घाला. वर वाळूचं पोतं ठेवा, आधी तीस किलो, मग चाळीस, मग पन्नास. चौघांनी उचलायचं, एकानं "उचल" म्हणायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या आवाजाशिवाय हलायचं नाही. शंभर पावलांवर खांदा बदल. पहिल्या दिवशी चौघांत भांडण होणार हे नक्की, कारण प्रत्येकाला वाटतं सगळं वजन आपल्याच बाजूला आलंय. उंच पोरं एका टोकाला आणि बुटकी दुसऱ्या टोकाला घ्या, भांडण निम्मं होतं. जिवंत माणूस वर ठेवून सराव करायचा नाही, पडला तर मान मोडेल.

तालीम सोडू नका

काही अकॅडमीवाले सांगतात की जोर-बैठका जुन्या झाल्या. मला हे ऐकून राग येतो. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये गोळी चालली नाही. १९९६ च्या भारत-चीन करारात ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही असं ठरलेलं. त्यामुळं दोन अणुशक्तींचे जवान दगड, गज आणि खिळे मारलेल्या दांडक्यांनी अंधारात लढले, तेही चौदा हजार फुटांवर. आपले वीस जवान गेले. मॅक्सिम शंभर वर्षांची म्हणून आपण आश्चर्य करतो, दांडकं किती वर्षांचं म्हणायचं?

मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत शत्रूच्या मशीनगनवर एकटे धावून गेले. ग्रेनेड टाकला, टॉमी गननं एकाला मारलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तर तीच गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. तिथंच ते पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पलटणीत प्रत्येक रंगरुटाला ही गोष्ट सांगतात. मी ऐकली तेव्हा माझ्या डोक्यात आलं की गन उलटी धरून फिरवायला मनगट आणि खांदा कसला लागला असेल.

म्हणून सकाळी मैदान, संध्याकाळी तालीम. पुरा पैलवान व्हायची गरज नाही. जोर, बैठका, सपाट्या, दोर आणि मुदगल. हलका मुदगल डोक्यामागनं गोल फिरवला की खवाट्यांमधलं ते मांस तयार होतं ज्यावर पिट्टू बसतो. हौद्यातली माती खणायला मिळाली तर दवडू नका, फावड्यानं पाठ जशी तयार होते तशी जिममधल्या कुठल्याच मशीननं होत नाही. आणि खंदक आजही खणावाच लागतो.

खुराक आणि पाणी

गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन मिशीला फेस लावून फोटो काढायला माझी ना नाही, पण घरी नेऊन उकळून प्यायलेलं बरं. बदामापायी बापाचा पगार उडवू नका. भाकरी, उसळ, शेंगदाणे-गूळ, दोन-तीन अंडी, भिजवलेले हरभरे. रविवारी तांबडा-पांढरा ओरपा, फक्त सोमवारी पिट्टू नसेल असं बघा.

पाणी चालायच्या आधी अर्धा लिटर, वाटेत दर वीस मिनिटांना चार घोट. तासाच्या वर जाणार असाल तर बाटलीत लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ. मार्चनंतर सकाळी आठच्या पुढं पिट्टू अंगावर दिसता कामा नये. बरोबरचा गडी बरळायला लागला, झोकांड्या द्यायला लागला, अंग तापलं तर ते नाटक नसतं. सावलीत घ्या, पिट्टू-बूट काढा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. लघवी चहासारखी काळपट झाली तरी थेट दवाखाना. स्नायू फुटून मूत्रपिंडाला मार बसतोय याची ती खूण असू शकते.

रॅलीच्या सकाळी इंजेक्शन मारून पळवणारे लोक आहेत. एका अकॅडमीतलं पोरगं माझ्याकडं आलं, त्याच्या नडगीत दुखण्याचं इंजेक्शन देऊन त्याला महिनाभर पळवलं होतं. दुखणं म्हणजे शरीराचा संत्री, पहारेकरी. संत्रीला झोपवून पोस्ट सुरक्षित होते का?

माझी चूक

हे सगळं मी शहाणा म्हणून सांगत नाही. निवृत्त होऊन आलो त्या वर्षी मला वाटायचं की पोरं मऊ झाल्यात, त्यांना रगडा दिला पाहिजे. तीन पोरांच्या पाठीवर पहिल्याच दिवशी पंधरा-पंधरा किलो चढवलं आणि जोतिबाच्या उतारावर डांबरी रस्त्यानं पळवलं. पुढच्या आठवड्यात परत. एक पोरगं म्हणालं, "उस्ताद, नडगीत एका जाग्यावर दुखतंय." मी म्हणालो, "फौजेत आई नसते."

एका जाग्यावर, बोटानं दाबता येईल अशा ठिकाणी हाड दुखणं आणि रात्री झोपेतही ठणकणं, ही हाडाला बारीक चीर गेल्याची खूण. एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, मी हे शंभर वेळा ऐकलेलं. माझ्याच हाताखालच्या पोराच्या तोंडून ऐकलं तेव्हा कान बंद होते. दोन महिने त्याला पाय टेकता आला नाही. रॅली गेली आणि त्यानंतर त्याचं वय उलटलं.

तो आता गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला आहे. रात्रपाळी सुटली की कधीकधी घरी न जाता थेट रंकाळ्यावर येतो. माझ्याशी जास्त बोलत नाही. त्यानं स्वतःच्या पैशानं एक ताणकाटा आणलाय, हुकवाला. पोरांच्या सॅक एकेक करून त्याला अडकवतो, पहाटेच्या उजेडात आकडा दिसावा म्हणून मोबाइलची बॅटरी लावतो आणि वहीत लिहितो.

परवा त्या बारक्या पोराची पाळी होती, मॅक्सिमचं वजन विचारणाऱ्याची. दुसरा आठवडा, सहा किलो पाहिजे. काटा आठवर थांबला. पोरगं खाली बघायला लागलं.

"उस्ताद," तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "ह्याच्यातनं एक पुडी काढा."

मी काढली.